उस्मानभाईंचे सात किलो

मित्रांनो, माझ्यावर उभी राहणारी माणसे सहसा भिंतीकडे बघतात, छताकडे बघतात, पण लगेच खाली बघत नाहीत. खाली मी असतो. लोखंडी अंग, वर काळ्या रबराची चटई आणि काचेखाली एक गोल तबकडी. मी जुना वजनकाटा आहे. माझ्या पोटात स्प्रिंगा आहेत. त्यांच्यामुळे कुणी शेजारून चालत गेले तरी माझा काटा थरथरतो. स्वस्थ बसणे मला जमत नाही. माझ्या मालकिणीलाही ते जमत नाही. म्हणूनच कदाचित आमचे जुळले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही. पाठीवरची अक्षरे केव्हाच झिजून गेली. आठवते ते एवढेच, की कुवेतमध्ये रुमैथिया भागातल्या एका दवाखान्यात माझी पहिली नोकरी लागली. तिथली नर्स रोज सकाळी मला ओल्या कापडाने पुसायची आणि शून्यावर आणून ठेवायची. लठ्ठ आजोबा, पोटुशा बायका, गोळीच्या आमिषाने उभी राहिलेली पोरे, सगळ्यांचा भार मी घेतला. "हा कधी खोटं बोलत नाही," असे ती नर्स म्हणायची, तेव्हा माझी छाती फुलून यायची. मग दवाखान्यात बॅटरीवर चालणारा चपटा काटा आला. मला सामानाच्या खोलीत नेले, तिथून शुक्रवारच्या बाजारात. एका फुटक्या पंख्याच्या आणि बाहुल्यांच्या ढिगाऱ्याच्या मध्ये मी किती शुक्रवार पडून होतो, ते मोजायचे मी सोडून दिले होते.

तिथून मला शर्मिलाताईंनी उचलले.

शर्मिलाताई नाशिकच्या. आहारशास्त्रातली मोठी पदवी घेतलेली, पण लग्नानंतर नवऱ्याबरोबर कुवेतला आल्या आणि अकरा वर्षे घरीच राहिल्या. त्यांचे यजमान गुरुप्रसाद पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर. अबू हलीफात समुद्राजवळ त्यांचा फ्लॅट होता. घरात काही कमी नव्हते, तरी शर्मिलाताई दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरायच्या. कपाट उघडायच्या, बंद करायच्या. फरशीवरून माझ्या अंगात त्यांची प्रत्येक फेरी पोचायची.

एके दिवशी लॅपटॉपवर त्यांनी एक अभ्यास वाचला. मेक्सिकोच्या डोंगरांत पिमा नावाचे आदिवासी राहतात. त्याच गावांत त्यांचे मेक्सिकन शेजारीही राहतात. संशोधकांनी तिथे जाऊन दोघांची तुलना केली. घर कशाचे, पाणी कुठून येते, काम काय, ताटात काय, शरीरात आजार किती. पिमांचेच भाऊबंद सीमेपलीकडे अमेरिकेत राहतात, आणि त्यांच्यात मात्र मधुमेहाने कहर केला आहे. रक्त एक, पण राहणी वेगळी.

"गुरू, हे आपल्याकडे करता येईल!" शर्मिलाताई जेवता जेवता म्हणाल्या. "इथं अबू हलीफात आपण पुण्या-नाशिकचे लोक. तिकडे रिग्गईत रत्नागिरी-रायगडचे लोक. भाषा एक, देश एक, परदेशही एक. पण जगणं एक आहे का?"

"आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वाचून दाखव," गुरुप्रसाद म्हणाले. "पण मला त्या काट्यावर उभं करू नकोस."

कामाला सुरुवात झाली. फेब्रुवारीतले मोकळे दिवस होते. अबू हलीफातली चाळीस घरे, घरटी एक माणूस, आम्ही तीन आठवड्यांत उरकली. लिफ्टने वर जायचे, चहा घ्यायचा, थट्टामस्करी ऐकायची. "वहिनी, दोन किलो कमी लिहा हं!" दिवसभर खुर्चीत बसणारी, गाडीने जाणारी, दर वर्षी कंपनीच्या डॉक्टरकडून तपासून घेणारी ती माणसे होती. मधुमेह आहे का, असे विचारल्यावर अकरा जणांनी आपल्या साखरेचे आकडे तोंडपाठ सांगितले.

रिग्गईला जायचे तर बस. शर्मिलाताई मला जाड कापडी पिशवीत घालून दोन हातांनी धरायच्या. तिथे त्यांची एकच ओळख होती, अमिरुन्निसा. त्या श्रीवर्धनच्या. त्यांच्या हातचा ब्लाउज अंगावर नेमका बसतो, म्हणून अबू हलीफाच्या बायका त्यांच्याकडे कापडे पाठवत. दोन कुटुंबांनी मिळून घेतलेला फ्लॅट, खिडकीपाशी शिलाई मशीन आणि बाजूला कापडांचे गठ्ठे. लिफ्ट बंद होती. मला घेऊन चार जिने चढताना शर्मिलाताईंना धाप लागली.

"ताई, ही मोजणी कशासाठी?" अमिरुन्निसांनी विचारले.

शर्मिलाताईंनी पिमांची आणि त्यांच्या मेक्सिकन शेजाऱ्यांची हकिगत सांगितली.

"म्हणजे आम्ही पिमा, नि तुम्ही मेक्सिकन?" अमिरुन्निसा हसल्या.

शर्मिलाताईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले. "तसं नाही हो."

"तसं असलं तरी माझं काय नाय. लिहाल ते नीट लिहा, म्हणजे झालं."

तेवढ्यात त्यांचे यजमान उस्मानभाई जेवायला आले. ते खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, काम करत. उंच, रुंद खांद्यांचा, मवाळ बोलण्याचा माणूस. चपला काढून ते अदबीने माझ्यावर उभे राहिले. माझा काटा थरथरला आणि एकाहत्तरावर थांबला.

"रोज किती वेळ चालता?" शर्मिलाताईंनी कागदावरचा प्रश्न वाचला.

"बारा तास उभा असतो, ताई. ते चालण्यात धरायचं काय?"

कागदावर 'उभे राहणे' असा रकानाच नव्हता. शर्मिलाताईंची लेखणी जरा वेळ तशीच थांबली. मग त्यांनी लिहिले, चालणे: नाही.

"मधुमेह?"

"नाय, नाय. आम्हाला कुठला?"

अमिरुन्निसांच्या ओळखीने रिग्गईतली अडतीस माणसे मोजून झाली, त्यांपैकी फक्त दोघांनी मधुमेहाला हो म्हटले. घरी परतताना शर्मिलाताई बसमध्ये आकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या. एवढा फरक! त्यांनी निष्कर्षही लिहून टाकला. इंजिनिअरांची घरे सुखवस्तू पण आजारी, रिग्गईची माणसे कष्टाळू आणि निरोगी. वाक्य छान जमले होते. तरी घरी येऊन त्या पुन्हा खोल्यांतून फिरू लागल्या. काहीतरी टोचत होते, पण काय ते कळत नव्हते.

जूनमध्ये दुसरी मोजणी होती. बाहेर ऊन असे की बसची दांडी हाताला चटका देत होती. हवेत धूळ भरलेली. उस्मानभाई पाण्याची बाटली तोंडाला लावूनच घरात आले, ती संपवली आणि दुसरी उघडली. मग माझ्यावर उभे राहिले.

चौसष्ट.

शर्मिलाताईंनी त्यांना उतरायला लावले, मला फरशीवर सरकवले, पुन्हा उभे केले. चौसष्टच. मित्रांनो, मला ओरडून सांगावेसे वाटले, की मी बरोबर आहे! पण काट्याला फक्त आकडा दाखवता येतो.

"उन्हाळा आहे ना, ताई," उस्मानभाई घाईने म्हणाले. "घाम जातो." आणि ते दुकानात परत गेले. अमिरुन्निसा त्या दिवशी कापडे पोचवायला बाहेर गेल्या होत्या.

"चार महिन्यांत सात किलो?" घरी गुरुप्रसाद म्हणाले. "अगं, शुक्रवारच्या बाजारातला काटा तो. त्याचा काय भरवसा?"

शर्मिलाताईंना ते पटले. कदाचित पटवून घेणे सोपे होते, कारण कार्यक्रम जवळ आला होता. उस्मानभाईंच्या नावापुढे त्यांनी 'काटा सदोष' असे लिहिले आणि त्यांची नोंद तुलनेतून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी नवा, आकडे उजळणारा काटा घरात आला आणि मी बाल्कनीत गेलो.

त्या बाल्कनीत मी बारा दिवस होतो. माझी काच धुळीने आंधळी झाली. रबर तापून चिकट झाले. मला माझे दुःख होतेच, पण त्याहून जास्त काळजी त्या तहानलेल्या माणसाची होती. वारा आला की माझा काटा हलायचा, आणि कुणी बघत नसे.

तेराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. शर्मिलाताई बाल्कनीचे दार उघडून बोलत होत्या. अमिरुन्निसांचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला.

"ताई, ह्यांचं वजन किती भरलं होतं तेवढं सांगा. मला हे सांगत नायत."

"अहो, तो काटाच बिघडलाय. चौसष्ट दाखवत होता."

अमिरुन्निसांचा आवाज चढला.

"काटा बिघडलेला नाय, ताई. मी ह्यांच्या पँटची कंबर दोनदा आत घेतलीय. शिवणारणीला कळतं ते. हे रात्रभर उठतात, घागरभर पाणी पितात. मला म्हणतात, कुणाला बोलू नको."

फोन ठेवून शर्मिलाताई स्वयंपाकघरात धावल्या. दहा-दहा किलो तांदळाच्या दोन बंद पिशव्या त्यांनी ओढत आणल्या. ओढणीने माझी काच पुसली आणि एकावर एक पिशवी ठेवली. माझा काटा थरथरत फिरला आणि विसावर थांबला. त्यांनी पिशव्या उचलल्या, पुन्हा ठेवल्या. वीस. तिसऱ्यांदाही वीस.

त्या तापलेल्या फरशीवर तशाच बसल्या. "हे मला त्याच दिवशी करता आलं असतं," त्या हलकेच म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम."

त्या दिवशी बसची वाट कुणी पाहिली! टॅक्सी करून आम्ही रिग्गईला पोचलो. मला त्यांनी बरोबर घेतले होते. उस्मानभाई दुकानात तेलाचे डबे लावत होते. मालकाला सांगून शर्मिलाताईंनी त्यांना बाजूला बोलावले. अमिरुन्निसाही खाली उतरून आल्या होत्या.

"दवाखान्यात नाय जायचं," उस्मानभाई म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते. "साखर निघाली तर इकामा पुढं देत नाहीत. माणसाला परत पाठवतात. दोघातिघांनी सांगितलंय मला."

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. शर्मिलाताईंना आता कळले, की अडतिसांतून फक्त दोघांनी हो का म्हटले होते.

"कोणी सांगितलं ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आपण डॉक्टरांनाच विचारू. मी बरोबर येते."

उस्मानभाई जागचे हलले नाहीत. तेव्हा अमिरुन्निसा नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "मी चौदा वर्षं ह्या देशात तुमच्यासाठी राह्यलेय. परवान्यासाठी नाय. चला."

दवाखान्यात मी पिशवीतच होतो, पण तिचे तोंड उघडे होते. बोटाला सुई टोचल्यावर यंत्राने जो आकडा दाखवला, तो बघून डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्याच. "आणखी आठवडाभर थांबला असतात, तर तुम्हाला बेशुद्धावस्थेत आणावं लागलं असतं," त्या हिंदीत म्हणाल्या. शर्मिलाताईंनी परवान्याचे विचारले. साखरेपायी परवान्याचे नूतनीकरण अडल्याचे आपण कधी पाहिलेले नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. उस्मानभाई भिंतीकडे तोंड करून रडले. चार महिने ते एका अफवेला घाबरत होते, आणि ती अफवा त्यांना आतून पोखरत होती.

पाच दिवस ते रुग्णालयात राहिले. इन्शुलिन सुरू झाले. उस्मानभाई वाचले.

कार्यक्रम ठरलेल्या दिवशीच झाला. गुरुप्रसाद म्हणाले होते, की पुढे ढकलू या. शर्मिलाताईंनी ऐकले नाही. त्यांनी मला सभागृहात टेबलावर ठेवले आणि जुना निष्कर्ष सर्वांना वाचून दाखवला. सुखवस्तू पण आजारी, कष्टाळू आणि निरोगी. लोकांनी माना डोलावल्या.

"हे खोटं आहे," शर्मिलाताई म्हणाल्या. "त्या डोंगरातल्या गावांत संशोधकांनी पिमांचं आणि मेक्सिकनांचं, दोघांचंही रक्त तपासलं होतं. मी नुसतं विचारलं. ज्यांना दर वर्षी तपासतात त्यांनी उत्तर दिलं. ज्यांना कुणीच तपासत नाही ते नाही म्हणाले. आणि मी त्या 'नाही'ला निरोगीपणा समजले. एका माणसाचं खरं वजन समोर दिसत असताना मी काट्याला दोष दिला, कारण माझं वाक्य बिघडत होतं."

सभागृहात चुळबूळ झाली. एका इंजिनिअरांनी हात वर केला. "मग शेवटी कुठला समाज जास्त निरोगी म्हणायचा?"

"मला माहीत नाही," शर्मिलाताई म्हणाल्या.

मागच्या रांगेतून अमिरुन्निसा उठल्या. कुवेतमधल्या चौदा वर्षांत त्या या सभागृहात पहिल्यांदाच आल्या होत्या. "आमच्या इथं या नि बघा," त्या म्हणाल्या. "येताना रक्त तपासणारं कुणीतरी घेऊन या. चहा मी देईन."

पुढच्या शुक्रवारी रिग्गईचे चार जिने तेरा जण चढून आले. त्यात एक डॉक्टर होते, आणि धापा टाकत गुरुप्रसादही होते. ते पहिल्यांदाच माझ्यावर उभे राहिले, चौऱ्याण्णव भरले, आणि मग निमूटपणे बोट पुढे केले. त्या दुपारी त्या एका इमारतीत साखर असलेली नऊ माणसे सापडली. त्यांतल्या सात जणांना त्याचा पत्ताच नव्हता.

शर्मिलाताई अजूनही स्वस्थ नाहीत. अजून कितीतरी इमारती राहिल्या आहेत. नव्या कागदावर त्यांनी बरेच रकाने वाढवले आहेत. किती तास उभे असता, एका खोलीत किती जण झोपता, कशाची भीती वाटते, हेही त्या विचारतात. मी आता अमिरुन्निसांच्या घरी असतो. त्या मला कोरड्या जागी ठेवतात, धूळ पुसतात, शून्यावर आणतात.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझे भाऊबंद असतील. त्यांना ओलाव्यात टाकू नका, उन्हात फेकू नका. शंका आली तर आधी तांदळाची पिशवी ठेवून बघा. आणि एक मागणे आहे. माझ्यावरचा आकडा वाचून झाला, की माझ्याकडे बघत राहू नका. मी फक्त भार सांगतो. खाली उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघा, आणि त्याला विचारा, "तुम्ही बरे आहात ना?" तो हो म्हणाला, तरी जरा थांबा.