पडद्यावरचा प्रबंध

कॉम्प्युटर ग्रंथालयात ठेवायचा की ऑफिसात, यावरून कॉलेजात बरीच कुरबूर झाली. ग्रंथपाल शैला हट्टालाच पेटली होती. तिचे वडील पोस्टात शिपाई होते आणि घरात पदवी घेतलेली ती पहिलीच. कल्याणला क्लास लावून ती कॉम्प्युटर शिकून आली होती. शेवटी प्राचार्यांनी मान डोलावली आणि १९९२ च्या उन्हाळ्यात भिवंडीतल्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आला.

शैला रोज दुपारी पुस्तकांच्या नोंदी त्यात भरू लागली. सगळ्यात जास्त आनंद वाल्मीकला झाला. तो खाडीकाठच्या कोन गावचा, रसायनशास्त्र शिकवायचा, पण नेमणूक तात्पुरती. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी खाडीत जाऊन काय करतं, यावर तो पीएचडी करत होता. त्याच्या वडिलांचं सगळं आयुष्य खाडीत जाळी टाकण्यात गेलं होतं आणि आता तिथं मासा मिळत नव्हता. हा विषय त्याला कुणी सुचवलेला नव्हता.

शैलाने त्याला मशीन वापरायला शिकवलं. हातानं लिहून पुन्हा पुन्हा खोडण्यापेक्षा सगळं इथंच करा, असं तीच म्हणाली. पाण्याच्या तपासण्यांचे आकडे, त्यांची गणितं, प्रकरणं, सगळं तो तिथंच लिहू लागला. त्र्याण्णव साल संपायच्या आत प्रबंध गेला तर नोकरी टिकणार होती, नाहीतर नाही.

त्या वर्षी कॉलेजच्या तपासणीसाठी विद्यापीठाची समिती येणार होती. ग्रंथालय आधुनिक दिसलं पाहिजे म्हणून प्राचार्यांनी पुस्तकांच्या नोंदी असलेल्या कार्डांची जुनी कपाटं भंगारात काढायला लावली. शैलाने विरोध केला. निदान वर्षभर तरी कार्डं राहू द्या, असं तिने विनवलं. सगळं मशीनमध्ये आहे असं तुम्हीच सांगता ना, एवढंच ते म्हणाले. वीज गेल्यावर मशीन सांभाळणारी बॅटरी तिने तीनदा मागितली होती. ती मात्र आली नाही.

समिती येऊन गेली, खूश झाली. पुढच्याच महिन्यात एका दुपारी वीज गेली. भिवंडीत त्याचं कुणाला काय. मागच्या गल्लीतले लूम थांबले, थोड्या वेळानं एकदम सुरू झाले. त्या झटक्यात पडद्यावर एक पांढरी रेघ आली आणि मशीन बंद पडलं. ठाण्याहून आलेल्या मेकॅनिकनं ते उघडून पाहिलं. हार्ड डिस्क गेली, म्हणाला, यातलं आता काही निघणार नाही.

शैलाने सगळ्याची प्रत उतरवून जपून ठेवलेल्या फ्लॉपी काढल्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागली होती. एकही वाचता आली नाही.

वाल्मीकनं विचारलं, "मॅडम, हातानं लिहून काढू?"

"काढा," शैला म्हणाली. "मी बसते तुमच्याबरोबर."

मूळ आकड्यांचे कागद होते, पण त्यावरची दीड वर्षाची गणितं नव्याने करायची होती. दोघं महिनाभर ग्रंथालयात बसले. एक गणित चुकलं की पुढचं सगळं चुकायचं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाल्मीकनं कागद आवरले आणि उद्यापासून येत नाही म्हणून सांगितलं. तिने थांबवलं नाही. होणार नाही हे तिलाही दिसत होतं.

जानेवारीत त्याची आई, जाईबाई, कॉलेजात आली. ग्रंथालयाच्या दारात चपला काढून ती आत आली आणि झाकून ठेवलेल्या मशीनकडे बघत राहिली.

"बाय, पोराचं लिवलेलं या पेटीतच हाय ना?"

"होतं, मावशी."

"मंग निघत कसं न्हाय? पेटी तर हितंच हाय."

म्हातारीने मशीनवरून हात फिरवला, पदरानं डोळे पुसले आणि निघून गेली.

जूनपासून वाल्मीक कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. मशीन दुरुस्त झालं, पण प्राचार्यांनी ते ऑफिसात नेलं. ग्रंथालयात आता कार्डंही नव्हती आणि कॉम्प्युटरही नव्हता. शैला नव्यानं कार्डं लिहायला बसली, तेव्हा नवीन कॉम्प्युटर येणार आहे, हे बंद करा, असा निरोप आला. मुलं पुस्तक मागत. ती म्हणे, कपाटात बघा, असेल तिथंच.

पुढं एकदा कल्याण नाक्यावर तिला वाल्मीक दिसला. शिफ्टची घाई होती. खाडीबद्दल तो काही बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. आई कशी आहे, एवढं मात्र तिने विचारलं. ती गेल्या वर्षी गेली, तो म्हणाला, आणि आलेल्या टेम्पोत चढला.