मागाच्या पलीकडे

सुनेने पुढे केलेला हात बाजूला सारून थोरली जुन्या गिरणीतल्या विणखात्याच्या उंच उंबऱ्यावरून एकटीच आत गेली.

"आई, जरा दमानं."

"पोटुशी असताना धावत आत शिरलेय इथून. आता काय होतंय मला!"

गिरणी बंद पडल्यावर यंत्रं भंगारात गेली. भिंती तेवढ्या वाचल्या, त्याही कुणाला तरी धान्याच्या कोठारासाठी सोयीच्या वाटल्या म्हणून. आता तिथे संग्रहालय झालं होतं; विटा घासूनपुसून लख्ख केल्या होत्या, छताला नव्या काचा बसवल्या होत्या आणि लोकांना दाखवायला कुठूनसा एक माग आणून मधोमध ठेवला होता.

मागाच्या पलीकडे धाकटी उभी होती. थोरलीची सख्खी बहीण.

दोघी इथे शेजारशेजारच्या मागांवर होत्या. संप लांबला तेव्हा धाकटी एका सकाळी मान खाली घालून फाटकातून आत गेली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरं उपाशी. थोरली बाहेर संपवाल्यांत उभी होती. तेव्हा धरलेला अबोला आई गेली तरी सुटला नाही.

"चल, निघू या," थोरली सुनेला म्हणाली.

तेवढ्यात माग चालवून दाखवायला ठेवलेल्या मागवाल्याने दांडा ओढला. खडखडाट सुरू झाला, धोटा इकडून तिकडे धावू लागला. लोकांनी कानांवर हात ठेवले. थोरली मात्र जागची हलली नाही, कारण पलीकडे धाकटीचे ओठ हलत होते. आवाज काढायचा नाही, ओठ तेवढे ठळक हलवायचे. त्या गदारोळात विणकरणी अशाच बोलायच्या.

"ताई, गुडघे कसे आहेत?"

थोरलीने मान फिरवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिचेही ओठ हलले.

"कुरकुरतात. तुझे?"

"एक नवा बसवलाय."

"मिरवतेस काय!"

धाकटी खुदकन हसली, आणि माग थांबला.

एकदम सगळं शांत झालं. दोघींची तोंडं मिटली. धाकटी पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागली.

"मावशी काय म्हणाल्या?" सुनेने विचारलं.

थोरली मागवाल्याकडे गेली.

"दादा, अजून थोडा वेळ चालव की."

"आवाजाचा त्रास होईल, आजी."

"होऊ दे," ती म्हणाली आणि परत आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली.