तेल प्यालेले बाण

मुरलीकृष्ण गेल्यावर विजयादशमीला केळीच्या खांबावर बाण कुणी सोडायचा, असा प्रश्न निघाला. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या घराण्याचं लहानसं देऊळ होतं आणि हा मान घरातल्या थोरल्याचा.

"मी सोडते," मुरलीकृष्णची बायको वासुकी म्हणाली. वय एकसष्ट, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली. देवळाच्या भटजींनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

बाण दरवर्षी धाकटा दीर प्राणेश करायचा. परसात सराव सुरू झाला. वासुकीचा खांदा दुखरा, म्हणून त्याने धनुष्य मऊ केलं होतं. पण बाण इतके हलके, की जरा वारा आला की भलतीकडेच वळत. एक तर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्यात जाऊन अडकला.

"बाण जड करू या, वैनी."

त्याने टोकात पितळी खिळा ठोकला. बाणाने नाक खाली घातलं आणि चार पावलांवर मातीत रुतला.

"वजन एकाच जागी नोको," प्राणेश विचार करत म्हणाला. "सगळ्या अंगात मुरायला पाहिजे."

मग त्याने बांबूच्या उभ्या नळकांड्यात जवसाचं तेल भरलं आणि बाणांच्या नव्या काड्या त्यात सोडल्या. रोज दुपारी वासुकी वाकून बघायची. तेल बोटभर खाली गेलेलं असे. कसलाच आवाज नाही, कसलीच घाई नाही, लाकूड आपलं पीत होतं. मुरलीकृष्ण गेल्यापासून दुपार तिच्या अंगावर यायची. आता तेलाच्या वासात ती केव्हा कलली तेही कळायचं नाही. डोळा लागला की वाटायचं, आपणही त्यातच उभ्या आहोत, तळापासून हळूहळू भरत चाललोय.

आठ दिवसांनी काड्या काढल्या आणि तीन आठवडे सावलीत वाळवल्या. गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर प्रत्येक काडी सहा-सात ग्रॅमनी वाढली होती. प्राणेशने पिसं बांधली.

विजयादशमीच्या संध्याकाळी वारा होताच. देवळापुढचं सनईसारखं नादस्वरम् थांबलं. वासुकीने दोरी ओढली, खांद्यातून कळ गेली, तिने सोडली. बाण सावकाश निघाला, इतका सावकाश की तिला तो जाताना दिसला, लांबच लांब, मावळतीच्या उजेडातून, जणू पाण्याखालून चाललाय. केळीत तो जरा खालीच रुतला, पण रुतला. लोकांनी एकदम श्वास सोडला.

भटजी धनुष्य घ्यायला पुढे आले. रीत एकाच बाणाची.

वासुकीने धनुष्य दिलं नाही. "प्राणेश," तिने हात मागे केला, "दुसरा दे."

त्याने भटजींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि दिला.