आवाजाची फोडणी

“सुपात साळीचे दाणे, सासू पाखडून घेई,
सोनसळी लेक माझी, सून होऊन ती जाई…”

कन्हानच्या एका हळदीच्या मांडवात मार्तंडानं ही ओवी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो वीस वर्षांचा होता, भोंगा बांधायला गेलेला. कुडाआडून आलेला तो आवाज काही मोठा नव्हता. पण त्यातला एकेक ‘स’ नव्या लुगड्याच्या घडीसारखा सळसळत आला, आणि पोरगं शिडीवरच थबकलं. पुढच्या वैशाखात त्याच आवाजाशी त्याचं लग्न लागलं.

आता सन चौऱ्याऐंशी. गांधीबागेत कापडाच्या गोदामावर मार्तंडरावांचं अॅम्प्लिफायर बनवायचं दुकान, प्रताप नगरात दोन खोल्यांचं घर, घरात तीच रुख्मिणी. फक्त तिच्या ओवीतला ‘स’ त्यांच्यापर्यंत पोचेनासा झाला होता.

खोट कुठं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात दुकानातल्या मशीनवर ते शिट्टी बारीक बारीक करत गेले, तर सेकंदाला सहा हजार कंपनांच्या पुढं मीटरचा काटा डोलत राहिला अन् कानात शुकशुकाट. तीस वर्षं भोंग्यांच्या तोंडाशी घालवलेले कान ते. पण अख्ख्या भजनमंडळ्या ज्याच्या कानावर विसंबतात, त्यानं हे कोणत्या तोंडानं सांगावं? त्यांनी मीटरवर फडकं टाकलं. आणि रुख्मिणीनं एक दिवस विचारलं, “काहून हो, आजकाल माह्या गाण्याकडं लक्षच नाही तुमचं?” तेव्हा तोंडातून निसटलं, “आवाज जरा बसला वं तुहा. वयाचं आहे.”

तिनं ते खरंच मानलं. चुलीपाशीची गुणगुण बंद झाली. भाद्रपद सरत आला, कॉलनीतल्या पोरीबायकांत भुलाबाईची गाणी पुढं होऊन गाणारी रुख्मिणी यंदा म्हणाली, “मले नका धरू.”  मार्तंडरावांना खरं बोलणं जमेना, म्हणून ते एक डबा बनवायला बसले.

“काय करून राहिले हे?” तिनं विचारलंच.

“फोडणी,” ते कथिल वितळवत म्हणाले. “तुह्या आवाजाची एक नक्कल घ्यायची. तिच्यातलं जाडंभरडं गाळून टाकायचं, वरचं बारीक तेवढं ठेवायचं. ते या दोन डायोडांतून चिमटत न्यायचं. चिमटलं का त्याची लाट जराशी मोडते, अन् त्या मोडीतून दुपटी-तिपटीचे चढे सूर फुटतात.”

“मंग? वरणात ओतायचे?”

“चिमूटभरच! मूळ आवाज तसाच राहू द्यायचा, त्यात हे मिसळायचं. आवाज मोठा नाही होत, पण जवळ येते. कानाशी बसून गायल्यावानी.”

“त्याले तर तुमचं ट्रेबलचं बटण आहे ना?”

“बटण आहे तेच वाढवते, खरखरीसकट. हे नवं उगवते.”

“म्हणजे माह्यात नसलेलं,” ती हळूच म्हणाली. मार्तंडराव डायोडाला डाग देत राहिले.

रविवारी दुपारी अंगणात भोंगा लागला. भुलाबाईचं सगळं पाहणाऱ्या शेजारच्या कुसुमताई चार बायका घेऊन आल्या. बायकांच्या फार आग्रहानं रुख्मिणी माईकपुढं उभी राहिली. “सुपात साळीचे…” मार्तंडरावांना ऐकू आलं, “उपात आळीचे…” त्यांनी माईकला जोडलेल्या डब्याचं बटण फिरवलं. अजून नाही. अजून थोडं. अजून. आणि मग कुठूनतरी लांबून एक पुसटसा ‘स’ आला. त्यांचे डोळे भरून आले.

बायकांनी कानांवर हात ठेवले होते.

“अगा बाप्पा!” कुसुमताई ओरडल्या. “दात आंबले ना भाऊ! कढई खरवडून राहिले का?”

रुख्मिणीनं माईक खाली ठेवला. “एवढी मशीन लावूनही नाही सुधरला ना?” ती हसल्यासारखं करून म्हणाली. “झालं आता. ताई, यंदापासून तुमीच म्हणा.” आणि आत निघून गेली.

कुसुमताईंनी पुढं होऊन डब्याची कळ बंद केली. “अहो, त्यांचा आवाज नुसत्या माईकवरही खणखणीत वाजते. हे लचांड काहून लावलं तुमी?”

मार्तंडराव आत गेले. रुख्मिणी ओट्यापाशी भुलाबाईच्या खिरापतीचा डबा भरत होती. हा डबा झाकून हलवायचा, अन् आतला खाऊ आवाजावरून ओळखायचा, ही पोरींची मजा. या घरात मात्र तीस वर्षं पहिला मान मार्तंडरावांचा, आणि ते कधी चुकले नव्हते.

तिनं डोळे पुसले. त्यांच्याकडं न बघताच, सवयीनं, डबा त्यांच्या कानाशी हलवला. “ओळखा.”

काहीच आलं नाही. रिकामा असावा तसा. पण ओट्यावर कागदाचा पुडा उघडा पडला होता. राजगिऱ्याच्या चार लाह्या त्याला चिकटलेल्या. नुसतं नाव घ्यायचं होतं. त्यांनी पुड्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

“रुख्मिणी,” ते म्हणाले, “मले नाही ऐकू आलं. हेही नाही, अन् तुहं गाणंही नाही. तुहा आवाज कधीच बसला नव्हता वं. कान माहे गेले.”