अर्धी साक्ष

गुरांची साखळी बोलते आहे मी. पोलादपूरच्या एका लोहाराने मला घडवले: बावीस कड्या आणि टोकाला एक आकडा. डोंगरावरच्या वाडीतील जानकीबाईने मला म्हशीसाठी घेतले. त्या म्हशीच्या गळ्यात मी आठ वर्षे निष्पाप राहिले. लोखंडाला लाज नसते, असे माणसे समजतात. मला ती पुढे कळली.

जानकीबाईचा मुलगा सुनील मुंबईहून परतला, तेव्हा त्याला कोणीही न उच्चारलेले आवाज ऐकू येत होते. दोनदा तो घर सोडून निघाला. दुसऱ्या खेपेस लोकांनी त्याला सावित्री नदीच्या प्रवाहातून ओढून काढले. त्या दिवशी जानकीबाईने म्हशीला दोरीने बांधले आणि मला सुनीलच्या पायात घातले.

"व्हावून जाण्यापरीस बांधलेला बरा," ती म्हणाली. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांतला एकही त्याच्याजवळ येऊन बसला नाही.

सात महिन्यांनी महाडच्या चर्चमधील ज्योतीताई डोंगर चढून आली. मनाचे आजार असलेल्यांच्या घरी जावे, घरच्यांना दवाखान्यापर्यंत सोबत करावी, हे काम तिच्या मंडळीने तिला दिले होते. तिने आधी मला पाहिले नाही, सुनीलला पाहिले.

"जेवलास का रे?"

"भात करपलाय," तो म्हणाला.

"जन्मभर माझ्याच हातचा खाल्लास, तवा नाय करपला तो!" जानकीबाई आतून कडाडली. मग तिघेही हसले. त्या घरात मी ऐकलेले ते पहिले हसू.

ज्योतीताईने त्याला डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला ती येई, प्रार्थना करी आणि गोळ्यांचे पाकीट तपाशी. चार महिन्यांत आवाज मंदावले. मी गोठ्यात परतले. काम पुरे झाले असे समजून ज्योतीताईने येणे थांबवले.

त्याच सुमारास जानकीबाई एका रविवारी चर्चमध्ये जाऊन आली. येताच तिने गोळ्यांचे पाकीट गोठ्याच्या वळचणीला खोचले. "देवानं बरा केलान," ती म्हशीला म्हणाली, "आता गोळी देणं म्हणजे त्याच्यावर इस्वास नाय."

पाच आठवड्यांनी मी पुन्हा सुनीलच्या पायात होते.

निरोप मिळताच ज्योतीताई धापा टाकीत आली. "मावशी, गोळ्या का थांबवल्यात?"

"तूच बोललीस ना गो! चर्चमधी सगल्यांसमोर उभी राहून साक्ष दिलीस, प्रार्थनेनं सुनील बरा झाला. गोळीचं नाव तरी घेतलंस?"

ज्योतीताई शेणाने सारवलेल्या जमिनीवर माझ्याशेजारीच बसली.

"नाही घेतलं, मावशी. देवाचा महिमा मोठा दिसावा म्हणून डॉक्टरांना गाळलं. जणू त्यांचे हात देवाने दिलेच नव्हते. अर्धी साक्ष दिली मी. पाप माझं आहे, तुमचं नाही."

पुढच्या रविवारी ती त्याच लोकांसमोर उभी राहिली आणि गाळलेले सांगितले. जानकीबाई तिच्याबरोबर गेली होती. परतल्यावर तिने सुनीलला सांगितले, "तिनं सांगताच दोन बाया उठल्या रे. बोलल्या, आमच्या घरात बी असाच एक हाय. इतकी वर्सं लपवलानी त्यांनी."

आता त्या दोघी आळीपाळीने ज्योतीताईबरोबर डोंगर चढतात. सुनील बरा दिसला तरी त्या येतात.

मी म्हशीच्या गळ्यात आहे. माणसाच्या पायात मला कोणी हौसेने घालत नाही, हे मी जाणते. दाराशी माणसे यायची थांबली, की मला बोलावणे येते. म्हणून हात जोडते: तुम्ही अशा घरी जात राहा.

सकाळी भाकरी खाऊन, गोळी घेऊन सुनील गोठ्यात येतो. त्याच्या घोट्यावर माझ्या कडीचा वण आहे. तो आकडा काढतो, मला हलकेच खुंट्यावर अडकवतो आणि म्हशीला म्हणतो, "चल गो, मोकळी झालीस."