अस्तर काढलेली टोपी

मी एक जुनी, लोकरीची चपटी काळी टोपी आहे. उरुग्वेतल्या मोंतेविदेओ शहरातल्या एका फुटबॉल क्लबात मला काचेच्या कपाटात ठेवले आहे. मित्रांनो, येणारे-जाणारे माझे कौतुक करतात, आणि मला संताप येतो.

माझा धनी एलेउतेरिओ आघाडीच्या फळीतला खेळाडू होता. तेव्हा चामड्याच्या चेंडूचे तोंड जाड वादीने बांधलेले असे. डोक्याने मारताना ती वादी लागली की कपाळ फाटे, म्हणून आघाडीवाले टोपी घालत. पण खरी इजा वेगळीच होती. पावसात चामडे पाणी पिऊन जड होई. त्याचा दणका आत, कवटीच्याही आत पोहोचे. तिथले रक्त कुणाला दिसत नसे. सामना संपला की एलेउतेरिओ भिंत धरून चाले. एकदा त्याने सख्ख्या बहिणीलाच विचारले, "आपण कोण?"

ही बहीण दोमिंगा, लोकर धुण्याच्या कारखान्यातली. तिने दाबलेल्या लोकरीचे जाड अस्तर माझ्या आत शिवले. त्यानंतर त्याचे पाय डगमगेनासे झाले.

अंतिम सामन्याच्या सकाळी संघाचे छायाचित्र काढायचे होते. क्लबचे अध्यक्ष डॉन आपारिसिओ यांनी मला उलटून पाहिले.

"डोक्यावर गादी घेऊन खेळणार का रे? नदीपलीकडच्या संघातले पोट धरून हसतील."

"हसू देत," दोमिंगा म्हणाली. "चेंडू तुमच्या डोक्यावर पडतोय का?"

"ताई, गप्प बस ना."

संघातली जागा जाईल या भीतीने एलेउतेरिओ तसे बोलला. अध्यक्षांनी खिशातला चाकू काढला आणि अस्तर उसवून चिखलात टाकले.

दुपारी पाऊस झाला. सामना संपता संपता उजवीकडून चेंडू आला, एलेउतेरिओने उडी घेतली आणि गोल झाला. तो दणका मी अडवू शकले नाही. लोकांनी त्याला खांद्यावर उचलले. कशासाठी, ते त्याला समजेना. त्याला ते पुढेही कधी समजले नाही.

अध्यक्षांनी मात्र मला कपाटात मांडले. दरवर्षी माझ्यापुढे उभे राहून ते त्यागावर भाषण करतात. त्या चाकूचे नावही काढत नाहीत.

परवा दोमिंगा त्याला घेऊन आली. माते नावाच्या कडू चहाच्या पेल्याची नळी तिनेच त्याच्या ओठांना लावली. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"कुणाची गं ही?"

"आहे एका पोराची. फुटबॉल खेळायचा."

"पातळ दिसतेय," तो काळजीने म्हणाला. "आत काहीतरी शिव म्हणावं. लागेल त्याला."

मित्रांनो, माझी काच रोज पुसली जाते. त्याच्या घरी क्लबातले कुणी फिरकत नाही. मला कसर खाऊ दे. मला दुखत नाही. तुम्ही ज्यांच्या गोलावर टाळ्या पिटता, त्यांची डोकी जपा.