जित्तं मांस

पालीच्या वरच्या धनगरवाड्यात सोजराबाईच्या लेपाला तोड नव्हती. बिबट्यानं फाडलेली शेळी असो की कोयत्यानं कापलेला पाय, ती पाला वाटून जखमेवर बांधायची आणि रोज बोटानं दाबून बघायची. पांढरं मांस मेलेलं आणि दाबताच रगत येणारं लाल मांस जित्तं, एवढं तिला सासूनं शिकवलं होतं.

लेकीच्या, रतनच्या छातीवरची गाठ फुटली तेव्हा तिनं तोच लेप बांधला. जावई म्हणाला, "भोरला डाक्टरला दावू." सोजराबाई खवळली. "मेलेली जनावरं उठवली म्या. पोटची पोर उठवता येत न्हाई व्हय मला?"

लेप लागू पडला. जखम लालभडक झाली, नुसतं बोट लावलं तरी रगत यायचं. कोवळं मांस वर वर येऊ लागलं, तशी सोजराबाई वाडीभर सांगत सुटली. रतन मात्र वाळत चालली.

शेवटी जावयानं कुणाचं न ऐकता रतनला एसटीत घातलं. सोजराबाई वाटलेला पाला पानात गुंडाळून सोबत निघालीच.

भोरच्या डॉक्टरांनी फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. सोजराबाईला दाराशी नेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, ही जखम भरत नाहीये, गाठ वाढतेय. अंगातलं सगळं रक्त तीच पितेय, आणि या पाल्यानं तिला आणखी पाजलंय. आता माझ्या हातात काही नाही. " मग खाटेकडे वळून त्यांनी रतनला विचारलं, "कुणी बांधलं हे?"

सोजराबाईनं हातातलं पान पदराखाली लपवलं.

"माज्या आयनं," रतन कौतुकानं म्हणाली. "लई गुण हाय तिच्या हाताला. आये, आजचा लेप आणलायस न्हवं?"